दीड माणसांचा हिशेब

वाचकहो, वैशाख पौर्णिमा आपल्या वस्तीत कशी साजरी होते, हे आपणांस सांगावयास नको. पहाटे विहारात दिवे लागतात, शुभ्र वस्त्रे नेसलेली मुले ओळीने उभी राहून त्रिसरण म्हणतात, पंचशील ग्रहण होते आणि मग खीर वाटली जाते. २००९ साली ही पौर्णिमा ९ मे रोजी आली होती. आपण नित्याप्रमाणे दिवे लावले. ज्या सिंहलद्वीपात तथागताची वाणी प्रथम ग्रंथारूढ झाली असे परंपरा सांगते, त्या श्रीलंकेतही घरोघरी कंदील लागले. आणि त्याच द्वीपाच्या ईशान्य किनाऱ्यावर, मुळ्ळिवायक्काल नावाच्या वाळूच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात, त्याच पौर्णिमेच्या दोन दिवसांत तोफांच्या माऱ्याने शेकडो नागरिक मारले गेले. मृतांत शंभराहून अधिक मुले होती, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या कोलंबो येथील प्रवक्त्याने ११ मे रोजी जाहीर केले. आणि ज्या रक्तपाताची भीती वाटत होती तो आता प्रत्यक्षात घडला आहे, असेही त्याने सांगितले.

हा विषय या पानावर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. परदेशाचे जुने युद्ध, तमिळ आणि सिंहली यांचा झगडा. त्यात आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो सुखाचा नाही. ज्या राज्याचे सैन्य तेथे लढत होते, त्या राज्याने १९७२ च्या आणि पुढे १९७८ च्या घटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले आहे. त्या सैन्याला आशीर्वाद देण्यास भिक्षू पुढे आले होते. ज्यांच्यावर गोळे पडले ती माणसे बहुतांशी हिंदू व ख्रिस्ती तमिळ होती. परधर्मीयांनी केलेल्या अत्याचाराचा निषेध करण्यास फारसे धैर्य लागत नाही. ज्याच्या मुखी आपल्याच शास्त्याचे नाव आहे, त्याने अत्याचार केला तर आपण काय बोलतो, यावर आपल्या धम्माची परीक्षा होते.

प्रथम हकीकत समजून घेऊ. १९४८ साली इंग्रज गेले. १९५६ साली सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरविणारा कायदा झाला. १९८१ साली जाफना येथील ग्रंथालय जाळण्यात आले. त्यात सुमारे ९७ हजार ग्रंथ व हस्तलिखिते भस्मसात झाली. जुलै १९८३ मध्ये कोलंबो व इतर शहरांत तमिळांचे हत्याकांड झाले आणि तेथून उघडे यादवी युद्ध सुरू झाले. ते २६ वर्षे चालले. या काळात लोक एकदाच पळाले असे नाही, ते वारंवार पळत राहिले. ऑक्टोबर १९९५ च्या अखेरीस सैन्य जाफन्यावर चालून आले आणि वाघांनी, म्हणजे लिट्टे या सशस्त्र संघटनेने, शहर रिकामे करण्याचा हुकूम सोडला. तेव्हा पावसातून, एका अरुंद रस्त्याने, एका रात्रीत लाखो माणसे बाहेर पडली. परंतु अखेरच्या काही महिन्यांत वन्नी प्रदेशात जे घडले, त्याला या पूर्वीच्या कोणत्याही पलायनाची तोड नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या व इतर मदतसंस्थांच्या माणसांना वन्नी सोडून जाण्यास सांगितले. किळिनोच्ची येथील कचेरीच्या फाटकापाशी लोक जमले आणि 'आम्हांस सोडून जाऊ नका' अशी विनवणी करू लागले. जे घडेल ते पाहणारे कोणी असावे, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. साक्षीदार गेले, मागे लाखो माणसे राहिली.

त्यानंतरच्या प्रवासाच्या आठवणी वाचलेल्या माणसांनी ठिकठिकाणी सांगितल्या आहेत. चौकशी समित्यांपुढे सांगितल्या, परदेशांच्या न्यायाधिकरणांपुढे आश्रय मागताना सांगितल्या, पत्रकारांना सांगितल्या. बीबीसीच्या कोलंबो येथील माजी वार्ताहर फ्रान्सेस हॅरिसन यांनी २०१२ साली अशा माणसांच्या कहाण्यांचे एक पुस्तकच प्रसिद्ध केले. सांगणारे निरनिराळे, तरी त्या आठवणींत काही गोष्टी पुनःपुन्हा येतात. निघताना लोकांनी ट्रॅक्टरवर घराची दारे, पत्रे आणि कौलेसुद्धा घेतली होती; जेथे थांबू तेथे निवारा उभारता येईल, अशी आशा होती. दुसऱ्या मुक्कामाला दारे टाकली. तिसऱ्या मुक्कामाला भांडी टाकली. पुढे ट्रॅक्टरला तेल मिळेना, म्हणून सायकल. सायकल गेली, म्हणून डोईवर गाठोडे. आणि अखेरीस काखेत फक्त मूल. परंतन, धर्मपुरम, विसुवमडू, पुदुक्कुडियिरुप्पु, मात्तळन, मुळ्ळिवायक्काल ही त्या वाटेवरील गावांची नावे. वाचलेल्यांच्या तोंडी ती जपमाळेप्रमाणे क्रमाने येतात, कारण प्रत्येक गावी कोणी ना कोणी मागे राहिलेले आहे.

सरकारने या वाटेवर एकामागून एक तीन 'युद्धबंदी क्षेत्रे' जाहीर केली. 'येथे या, येथे गोळीबार होणार नाही,' असे पत्रकांतून व नभोवाणीवरून सांगितले. पहिले क्षेत्र जानेवारी २००९ मध्ये जाहीर झाले, सुमारे ३५ चौरस किलोमीटरचे. दुसरे फेब्रुवारीत, सुमारे १४ चौरस किलोमीटरचे. तिसरे मे महिन्यात, अवघ्या दोन-तीन चौरस किलोमीटरचे. लोक सांगितल्याप्रमाणे तेथे गेले, आणि तोफांचे गोळे त्यांच्या मागून तेथेच आले. पुदुक्कुडियिरुप्पुच्या रुग्णालयावर फेब्रुवारीच्या आरंभी वारंवार मारा झाला. पुढे शाळांत थाटलेली तात्पुरती रुग्णालयेही सुटली नाहीत. २०११ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांनी नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने सर्व पुरावा तपासून असा निष्कर्ष दिला की, अखेरच्या टप्प्यांतील बहुसंख्य नागरिक सरकारी सैन्याच्या तोफमाऱ्यानेच मेले.

वाळूत खंदक टिकत नाही; बाजू ढासळतात. म्हणून बायांनी आपली लुगडी फाडून त्यांच्या पिशव्या शिवल्या, त्यांत वाळू भरली आणि त्या खंदकाच्या कडेला रचल्या. लग्नातले रेशमी लुगडेही त्यातच गेले. अन्न संपत आले तेव्हा उरली तांदळाची कांजी, आपल्या कोकणात जिला पेज म्हणतात ती. मूठभर तांदूळ, पुष्कळ पाणी आणि असले तर मीठ. त्या कांजीसाठी रांग लागे, आणि त्या रांगेवरही गोळे पडत. २० एप्रिल रोजी सैन्याने वाघांचा मातीचा बांध फोडला, तेव्हा काही दिवसांत लाखभर माणसे नंदिकडल नावाची खाडी ओलांडून पलीकडे गेली. छातीइतक्या, गळ्याइतक्या पाण्यातून, म्हाताऱ्यांना पाठीशी घेऊन, मुलांना डोक्यावर धरून.

येथे दुसरी बाजू लपविली तर आम्ही असत्याचे भागीदार होऊ. ज्या वाघांनी तमिळांच्या मुक्तीचे नाव घेतले, त्यांनीच या लोकांना ओलीस धरले. पळून जाणाऱ्यांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. घराघरातून कोवळी मुले-मुली ओढून नेऊन त्यांच्या हाती बंदूक दिली. लोकांच्या गर्दीतून तोफा डागल्या. याच वाघांनी ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तर प्रांतातील सुमारे ७० हजारांहून अधिक मुसलमानांना हाकलून दिले. जाफन्यातील मुसलमानांना त्यासाठी अवघे दोन तास मिळाले. १९८५ साली अनुराधपूर येथे यात्रेकरूंची आणि १९८७ साली अरंतलावा येथे बसमधून जाणाऱ्या तीसहून अधिक भिक्षूंची त्यांनी कत्तल केली. त्या भिक्षूंचा शोक आम्हांस आहे. परंतु एका निरपराध भिक्षूच्या रक्ताची भरपाई एका निरपराध तमिळ मुलाच्या रक्ताने होते, असे जो म्हणतो त्याने वैराने वैर शमत नाही हे बुद्धवचन ऐकले असेल, पण समजून घेतलेले नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. तो मोजणीचा आहे.

युद्ध चालू असताना त्या पट्ट्यात किती लोक आहेत, असे विचारता सरकार ७० हजार ते एक लाख म्हणत होते. अन्नधान्य आणि औषधे त्याच बेताने, किंबहुना त्याहूनही कमी, पाठविली जात होती. युद्ध संपले तेव्हा वावुनियाजवळील मेनिक फार्म व इतर छावण्यांत, काटेरी तारेच्या आत, पावणेतीन लाखांहून अधिक जिवंत माणसे आढळली. म्हणजे जी माणसे डोळ्यांसमोर जिवंत होती, तीच मोजण्यातून वगळली होती! मग मेलेल्यांची काय कथा? 'एकही नागरिक मरू द्यावयाचा नाही' हे आपले धोरण असल्याचे सरकार सांगत राहिले. काही नागरिक मेले ही कबुली त्याने २०११ साली दिली. त्या पट्ट्यात राहून जखमींवर उपचार करणारे आणि मृतांचे आकडे बाहेर कळविणारे सरकारी डॉक्टर पकडले गेले, आणि जुलै २००९ मध्ये त्यांना पत्रकारांपुढे उभे करून ते आकडे खोटे होते असे त्यांच्याकडून वदवून घेतले गेले. उलट तज्ज्ञमंडळाने ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असणे संभवते असे म्हटले. २०१२ साली संघाच्याच अंतर्गत चौकशीने ७० हजारांहून अधिक माणसांचा पत्ता लागत नसल्याचे नमूद केले.

मन्नारचे बिशप रायप्पू जोसेफ यांनी जानेवारी २०११ मध्ये सरकारी चौकशी आयोगापुढे जी वजाबाकी मांडली, ती सर्वांत साधी आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये सरकारी जिल्हा कचेऱ्यांच्या नोंदीप्रमाणे वन्नीत ४,२९,०५९ माणसे होती. जुलै २००९ पर्यंत सरकारी ताब्यातील प्रदेशात आली ती २,८२,३८०. उरलेली १,४६,६७९ माणसे कोठे आहेत? ती सर्व मेली, असे बिशप म्हणाले नाहीत. आकडे तुमचेच आहेत, तर वजाबाकीचे उत्तरही तुम्हीच द्या, एवढेच ते म्हणाले. २०२१ साली ते निवर्तले. उत्तर त्यांना मिळाले नाही.

या न मोजण्याचे मूळ केवळ लष्करी कपटात नाही, असे आमचे मत आहे. पाचव्या-सहाव्या शतकात भिक्षूंनी रचलेल्या 'महावंस' या सिंहली राजवंशाच्या बखरीत एक प्रसंग आहे. राजा दुट्ठगामणी तमिळ राजा एळार याचा पाडाव करतो. विजयानंतर मारलेल्या असंख्य माणसांच्या आठवणीने त्याची झोप उडते. तेव्हा आठ अर्हत येऊन त्याचे सांत्वन करतात की, तुझ्या हातून माणसे मेली ती दीडच: एक त्रिसरण घेतलेला, आणि दुसरा पंचशील पाळणारा. बाकीचे मिथ्यादृष्टीचे, त्यांची गणना पशूंत करावी.

वाचकहो, हे वाचून आपल्या अंगावर काटा आला पाहिजे. कारण हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. माणूस समोर उभा असता त्याला माणसांत न मोजण्याची विद्या या देशात स्मृतिकारांनी रचली आणि आपल्या बापजाद्यांनी ती पिढ्यान् पिढ्या भोगली. गावाच्या हिशेबात कुत्र्या-मांजरांना पाणवठ्यावर वाव होता, आपणांस नव्हता. महाडच्या तळ्यावर आपण गेलो तो पाण्यासाठी जितके, तितकेच आम्हीही माणसे आहोत हे मोजून घेण्यासाठी. तो हिशेब मनुस्मृतीत लिहिला असता जाळण्यास योग्य, आणि पाली बखरीत लिहिला असता वंदनीय, असे कसे होईल? ज्या तथागताने सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री सांगितली, त्याच्या अर्हतांच्या मुखी दीड माणसांचा हिशेब घालणे ही बुद्धाची निंदा होय.

ही माणसे होती तरी कोण, हेही पाहा. वन्नीत अखेरपर्यंत अडकले त्यांत गरीब, भूमिहीन आणि मजूर पुष्कळ होते. त्यांत डोंगराळ मुलखातील चहाच्या मळ्यांवरून आलेली हजारो कुटुंबे होती. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तमिळनाडूतून मजुरीला नेलेले, आणि त्यांतील फार मोठा भाग अस्पृश्य मानलेल्या जातींचा. १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने त्यांतील लाखोंना कोणत्याच देशाचे नागरिक राहू दिले नाही. १९६४ साली दोन देशांच्या पंतप्रधानांनी करार करून, सव्वापाच लाख तुमच्याकडे आणि तीन लाख आमच्याकडे, अशी त्यांची वाटणी ठरविली. १९७७ आणि १९८३ च्या दंग्यांत मळ्यांवरील वस्त्यांवर हल्ले झाले, म्हणून त्यांतील अनेकजण वन्नीच्या रानात येऊन वसले. तेथे त्यांनी झाडी तोडून शेती केली. आणि २००९ साली तेथूनही त्यांना पळावे लागले. अशा कुटुंबांतील म्हातारीस आयुष्यात किती वेळा पळालीस असे विचारले, तर ती युद्धापासून मोजणी सुरू करीत नाही.

याच लोकांकडे परमपूज्य बाबासाहेबांचे लक्ष गेले होते. मे १९५० मध्ये ते कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. त्या भेटीत कोलंबो येथे त्यांनी तेथील अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले. पुढे उत्तरेकडील काही दलित तमिळ कुटुंबे धम्माकडे वळलीही, आणि त्यांची मुले बौद्ध शाळांत शिकू लागली. बाबासाहेबांनी त्यांना ज्या धम्माचे दार दाखविले, त्या दारावर समतेचे नाव होते. साठ वर्षांनी त्यांच्या वस्तीत तो धम्म राज्याच्या निशाणावरून आणि रणगाड्याच्या मागून आला. युद्धानंतर सैन्याच्या ताब्यातील जमिनीवर विहार उभे राहू लागले. जाफन्याजवळ थैय्यिट्टी येथे ज्यांच्या जमिनीवर असा विहार बांधला गेला, ती तमिळ कुटुंबे २०२३ पासून पौर्णिमेच्या दिवशी त्याच्या समोर निदर्शने करीत आली आहेत. पौर्णिमेच्या दिवशी! उपोसथाच्या दिवशी विहाराबाहेर ज्याची जमीन गेली तो उभा आहे. आता त्या विहारात बसून 'अदिन्नादाना वेरमणी' कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

कोणी म्हणेल, सिंहली बौद्ध जनतेस आपण दोष देत आहात. तसे मुळीच नाही. १९८७ ते १९८९ या काळात दक्षिणेत डाव्या तरुणांचे बंड झाले, तेव्हा हजारो सिंहली बौद्ध तरुणांना याच राज्याच्या सैन्याने व त्याच्या आडून वावरणाऱ्या टोळ्यांनी नाहीसे केले. त्यांच्या आयांनी आघाडी काढली. १९९० साली त्या बेपत्ता मुलांची कागदपत्रे आणि छायाचित्रे घेऊन विरोधी पक्षाचे एक तरुण खासदार जिनीव्हास निघाले असता, विमानतळावर पोलिसांनी ती त्यांच्याकडून काढून घेतली. त्या खासदारांचे नाव महिंद राजपक्ष. २००९ साली राष्ट्राध्यक्ष तेच होते! ज्याने आईच्या हातातील छायाचित्राचे मोल जाणले होते, त्याच्याच राज्यात उत्तरेच्या आया छायाचित्रे घेऊन उभ्या राहिल्या. आणि १९८९ च्या त्या बंडखोर पक्षाचे नेते अनुरा कुमार दिसानायके २०२४ साली राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. बेपत्ता मुलाच्या आईचे दुःख सिंहली की तमिळ, हे ज्यांनी भोगले त्यांना तरी विचारावे लागू नये.

त्या उत्तरेच्या आया फेब्रुवारी २०१७ मध्ये किळिनोच्ची व वावुनिया येथे रस्त्याच्या कडेला मांडव घालून बसल्या. त्यांतील कितीएक जणींनी १८ मे २००९ रोजी वट्टुवाकलच्या पुलापाशी आपल्या मुलांना, नवऱ्यांना स्वतःच्या हातांनी सैन्याच्या स्वाधीन केले होते. एका कॅथलिक धर्मगुरूंच्या समक्ष माणसे बसमध्ये बसली, आणि ते धर्मगुरूही परत आले नाहीत. लढाईत मेलेल्याचा शोक करता येतो. जो स्वतः नेऊन दिला त्याचा शोकही करता येत नाही आणि आशाही सोडता येत नाही. त्या बायका पैसा मागत नव्हत्या. आमच्याकडून घेतलेला माणूस कोठे ठेवलात, एवढेच विचारीत होत्या. उत्तर न मिळताच त्यांतील अनेकजणी मरण पावल्या आहेत.

राज्याने मात्र आठवणीशीही युद्ध चालू ठेवले. जानेवारी २०२१ मध्ये जाफना विद्यापीठाच्या आवारातील मुळ्ळिवायक्कालचे स्मारक रातोरात पाडण्यात आले. विद्यार्थी उपाशी बसले, तेव्हा ते पुन्हा बांधावे लागले. अलीकडच्या वर्षांत मे महिन्यात तमिळ लोक त्या शेवटच्या दिवसांची आठवण म्हणून रस्त्यावर कांजी वाटतात. मे २०२४ मध्ये त्रिंकोमली जिल्ह्यातील संपूर येथे अशी कांजी वाटल्याबद्दल स्त्रियांना अटक झाली. पेजेच्या वाडग्याला भिणारे राज्य किती दुबळे असले पाहिजे! महावंसातील दुट्ठगामणीने निदान पराभूत एळाराची समाधी बांधली, आणि तिच्यासमोरून जाताना वाद्ये बंद ठेवण्याचा दंडक घातला, असे तीच बखर सांगते.

मग आपण काय करावे? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले, ते आठवा. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्यांनी कोलियांविरुद्ध युद्ध पुकारले. सिद्धार्थाने स्वतःच्या संघात, स्वतःच्या लोकांपुढे त्या युद्धास विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले, तेव्हा त्याने देशत्याग पत्करला, पण शस्त्र धरले नाही. आपल्या धम्माचा आरंभच स्वकीयांस 'नाही' म्हणण्यात आहे.

तेव्हा श्रीलंकेहून भिक्षूंची शिष्टमंडळे आपल्या नगरी येतील, तेव्हा त्यांचे स्वागत करा, वंदन करा. आणि वंदन करून झाल्यावर विनयपूर्वक विचारा की, भन्ते, त्या १,४६,६७९ माणसांचे काय झाले? तमिळनाडूतील शंभरावर छावण्यांत ५० हजारांहून अधिक श्रीलंकन तमिळ निर्वासित दशकानुदशके राहिले. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बौद्धांचे नाव आहे. या निर्वासितांना मात्र त्यात जागा नाही. आपले नाव ज्या यादीत आहे, तिच्यातून कोण वगळले गेले हे विचारणे आपले कर्तव्य आहे. आणि पुढील वैशाख पौर्णिमेस खिरीच्या पातेल्याशेजारी एक भांडे पेजेचे ठेवा. मुले विचारतील, हे कशासाठी? त्यांना सांगा, एका समुद्रकाठी काही माणसे हीच पिऊन जगली, आणि हिच्याच रांगेत उभी असता काही मेली. ती किती होती, असे मुलांनी विचारले तर खरे ते सांगा: त्यांची मोजणी अजून झालेली नाही. पण ती दीड नव्हती.